साडूभाऊंची मोजदाद

आमच्या थोरल्या साडूंच्या हातून अख्ख्या आयुष्यात एकही वस्तू हरवलेली नाही. हे मी कौतुकानं सांगतोय की वैतागानं, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. चष्मा, छत्री, पेन आणि एकदा तर साहेबांच्या सहीला आलेली अख्खी फाईल, असं काय काय मी नेमानं हरवत आलो. त्यामुळे लग्न झाल्यापासून आमच्या घरात एक वाक्य कायमचं वस्तीला आलंय: 'दाजींकडून शिका काहीतरी.' तीस वर्षं हे ऐकल्यावर कुठल्याही माणसाला आपल्या साडूचा राग यावा. मला तो आला नाही, कारण साडूभाऊ इतके विलक्षण होते की त्यांच्यावर रागवायला सवडच मिळायची नाही. होते म्हणालो. अजून आहेत. पण ते पुढे येईलच.

या सगळ्याचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. नाशिकरोडला ते एका सरकारी छापखान्यात छत्तीस वर्षं होते. तिथे पोस्टाची तिकिटं छापायचे एवढंच आम्हाला माहीत, तेही ताईंकडून, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीकडून. त्यांनी स्वतः कधी अवाक्षर काढलं नाही. मुलगी बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी विचारलं होतं म्हणे, की काम कसं असतं तुमचं. 'असतं,' एवढं बोलून त्यांनी पोह्यांच्या बशीत लक्ष घातलं. सासऱ्यांना वाटलं, मुलगा खोल आहे. पुढे ही गुप्तता अंगात इतकी मुरली, की आज जेवायला काय केलंय असं फोनवर विचारलं तरी 'आल्यावर कळेल' म्हणायचे. एकदाच, माझ्या आग्रहाला बळी पडून, त्यांनी मला तिथली एक रीत सांगितली. सकाळी जेवढे कागद मोजून आत येतात तेवढेच संध्याकाळी मोजून परत द्यायचे. चांगले, बिघडलेले, फाटलेले, सगळे. याला मोजदाद म्हणायचं. मोजदाद जुळेपर्यंत पाळीवरच्या एकाही माणसाला फाटकाबाहेर सोडायचं नाही. आणि कागद कमी भरला, तर नोंद चुकली असेल असं कुणी म्हणायचं नाही. नोंद बरोबरच असते, कागद कुठेतरी पडलाय, शोधा. एवढं सांगून झाल्यावर ते स्वतःच इतके घाबरले, की 'पाहुणे, हे तुमच्यापुरतं बरं का,' असं तीनदा म्हणाले. मी आजवर पाळलं होतं.

निवृत्तीनंतर छापखाना सुटला, मोजदाद काही सुटली नाही. जेवणं झाली की चमचे मोजायचे. दळण आलं की डब्याची झाकणं मोजायची. आमच्याकडून निघताना ते दारात क्षणभर हात किंचित पसरून उभे राहायचे. पहिल्यांदा मला वाटलं, निरोपाची मिठी मारायचीय की काय, आणि मी संकोचून पुढेही सरकलो. तर ते झडती होण्याची वाट बघत होते. छत्तीस वर्षं रोज फाटकावर झडती दिलेला माणूस. कुणी खिसे चाचपल्याशिवाय बाहेर पडायचं त्यांना जडच जायचं. पुढे पुढे माझी बायको त्यांच्या खांद्यावरून उगाच हात फिरवायची आणि 'जा दाजी, काही नाही,' म्हणायची. मग ते समाधानानं चपला घालायचे.

त्यांच्या लेकीच्या, सुजाताच्या लग्नात तर कहर झाला. जेवणाच्या वाट्या घरच्या होत्या, दोनशे. पाठवणीची वेळ झाली, फुलांनी मढवलेली गाडी दारात लागली, रडायला तयार होऊन बायका रांगेत उभ्या राहिल्या, आणि साडूंनी कार्यालयाचं फाटक लावून घेतलं. वाटी एक कमी. जावयाकडची मंडळी आधी हसली, मग चिडली, मग त्यांच्यातले दोघं ज्येष्ठ चक्क टेबलाखाली वाकले. पाऊण तासानं वाटी निघाली ती जावयाच्या आत्याबाईंच्या पिशवीतून. नातवासाठी दोन जिलब्या झाकून घेतल्या होत्या बिचारीनं. सगळ्यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. साडूंच्या चेहऱ्यावर मात्र ना राग, ना आरोप. जिलब्या केळीच्या पानात बांधून त्यांनी आत्याबाईंच्या हातात दिल्या, वाटी ढिगात ठेवली, कागदावर खूण केली आणि फाटक उघडून म्हणाले, 'जुळली. आता निघा.' इतक्या वेळात रडणं मागच्या मागे आटून गेलं होतं. सुजाता सासरी हसत गेली, अशी ती आमच्या नात्यातली पहिलीच मुलगी.

अशा माणसानं निवृत्तीनंतर मोटारसायकल घ्यावी, आणि तीही जर्मन बनावटीची, म्हशीएवढी, हे आम्हा कुणाच्याही डोक्यात आलं नसतं. पिंपळगाव बसवंतला ताईंच्या माहेरच्या ओळखीतले एक द्राक्षबागायतदार आहेत. त्यांनी ती हौसेनं जुनी विकत घेतली होती, दोन महिन्यांत तिच्यावरून पडून गळपट्टीचं हाड मोडून घेतलं, आणि आईनं घातलेल्या शपथेमुळे ती द्राक्षं भरायच्या पॅकहाउसमध्ये क्रेटांच्या मागे पडून होती. साडू तिथे द्राक्षं आणायला गेले आणि मोटारसायकल घेऊन आले. बागायतदारानं प्रामाणिकपणे बजावलं होतं, 'काका, लय जड हाय ती. आडवी झाली तर चार माणसं लागत्यात.' साडूंनी त्यावर एकच विचारलं, की सगळे बोल्ट जागेवर आहेत ना.

मग जेलरोडच्या त्या लहानशा बंगलीच्या अंगणात त्यांचं खरं आयुष्य सुरू झालं असं मी म्हणेन. दर रविवारी ती मधल्या स्टँडवर चढायची आणि साडू तिच्यापुढे पाटावर बसायचे. पद्धत ठरलेली. ताईंच्या साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घ्यायचा, जो भाग उघडायचाय त्याचं चित्र त्यावर काढायचं, जिथे जिथे बोल्ट आहे तिथे दाभणानं भोक पाडून आकडा घालायचा, आणि काढलेला बोल्ट त्याच आकड्याच्या भोकात खोचायचा. काम संपेपर्यंत अंगणाच्या फाटकाला कुलूप. ताई भाजी आधीच आणून ठेवायच्या. आणि बोटं अशी, की डोळे मिटून बोल्ट हातात दिला तरी तो कुठला, किती लांबीचा, त्याचे आटे किती झिजलेत ते सांगतील. मला पाने द्यायचं काम असायचं, तेही 'पाहुणे, हात पुसून द्या,' अशा ताकिदीसह. एकदा, एकदाच, मला मागे बसवून गंगापूर धरणापर्यंत नेलं. पोहोचल्यावर मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, 'एक.' मला कळेना. परत आल्यावर पुन्हा म्हणाले, 'एक.' तेव्हा उमगलं, की मला मोजत होते. हसलो मी तेव्हा. आता वाटतं, इतक्या काळजीनं मला दुसऱ्या कुणी मोजलेलं नाही.

मग गेल्या दोन वर्षांत काहीतरी निसटायला लागलं. वस्तू नव्हेत, वस्तू जागच्या जागी होत्या. शब्द जायला लागले. पाना मागताना हात पुढे करायचे आणि नावच यायचं नाही. चहात साखर दोनदा पडायची. मला 'पाहुणे' म्हणणारा माणूस, त्यामुळे माझं नाव विसरले की नाही हे कळायला मार्गच नव्हता. ताई म्हणायच्या, वय झालं. आम्हीही म्हणालो, वय झालं. आम्ही सगळेच भित्रे.

नोव्हेंबरात एका सकाळी ते आमच्याकडे यायला निघाले. जेलरोडवरून आमचं गंगापूर रोडचं घर, अर्ध्या तासाचा रस्ता, हजारदा आलेले. बायकोनं धिरडी करायला घेतली होती. बारा वाजले, दोन वाजले. मोबाईल लागेना. चारच्या सुमारास अनोळखी नंबरावरून फोन आला. पेठच्या एका चहावाल्याचा. एक म्हातारे बाबा दुपारपासून इथे बाकावर बसलेत, मोठी गाडी बंद पडलीय, खिशातल्या चिठ्ठीवर हा नंबर होता, येऊन घेऊन जा म्हणाला. पेठ. घाट चढून, डोंगरांपलीकडे, गुजरातच्या वाटेवर. आमच्या घरावरून नाही, घराच्या आसपासच्या कुठल्याच रस्त्यावरून कुणी चुकून पेठला पोहोचत नाही. मी टेम्पो घेऊन गेलो. साडू बाकावर ताठ बसले होते, हेल्मेट मांडीवर. मला बघून म्हणाले, 'पट्टा तुटला हो. त्यामुळे उशीर झाला.'

पट्टा खरोखरच तुटला होता. सांगतो. बहुतेक मोटारसायकलींना हा पट्टा नसतोच. साडूंच्या गाडीला इंजिनाच्या पुढच्या झाकणाआड रबराचा एक लांबट खाचांचा पट्टा असतो, तो अल्टरनेटर फिरवतो, आणि अल्टरनेटर बॅटरीत वीज भरतो. पट्टा तुटला की गाडी उरलेल्या बॅटरीवर थोडी चालते आणि मग जिथे असेल तिथे बसते. इथवर ठीक. पण पट्टा तुटल्यानं माणूस गंगापूर रोडऐवजी पेठला जात नाही. साडूंना मात्र ते कारण इतकं घट्ट सापडलं होतं, की येताना टेम्पोत तेच पुन्हा पुन्हा. पट्ट्यामुळे झालं. पट्टा बदलला की सगळं ठीक. मी नुसता हं म्हणत राहिलो. घाटात अंधारून आलं आणि मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी ड्रायव्हरशी कांद्याच्या भावाबद्दल बोलत बसलो.

सुजाता पुण्याहून धावत आली. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, आणि ज्या आजाराचं नाव आम्ही घेत नव्हतो ते एका तरुण डॉक्टरांनी शांतपणे घेतलं. सुजातानं चावी मागितली. आता गाडी चालवायची नाही, बाबा. साडूंनी आवाज चढवला नाही, तो त्यांना येतच नव्हता. त्यांनी अट मांडली. पट्टा मी स्वतः बदलतो, घरी, इंजिनाला कुणाचा हात न लागता. मोजदाद जुळली तर चावी माझी. नाही जुळली तर मीच माझ्या हातानं देईन. 'आणि पाहुणे साक्षीला,' असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. सुजाता माझ्याकडे बघत होती, ताई जमिनीकडे. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

पट्टा आणायलाही मीच सोबत गेलो, द्वारका चौकाजवळच्या एका सुट्या भागांच्या दुकानात. तुटका पट्टा साडूंनी उपरण्यासारखा गळ्यात टाकला होता. दुकानदारानं विचारलं, कुठल्या गाडीचा? 'गाडीचा,' साडू म्हणाले. मॉडेल? 'असतं.' दुकानदारानं हताश होऊन माझ्याकडे बघितलं आणि फूटपट्टी काढली. खाचा मोजल्या, लांबी मोजली, शेवटी कुठल्याशा मोटारीचा पट्टा तंतोतंत जुळला. साडूंनी तो नाकाशी धरून हुंगला, दोन्ही हातांनी ताणला, आणि खूश झाले. त्या दिवशी परतीच्या रिक्षात ते इतके पूर्वीसारखे होते, की मला वाटलं डॉक्टर चुकले असतील.

रविवारी सकाळी नऊला मी जेलरोडला पोहोचलो तेव्हा पुठ्ठ्यावर झाकणाचं चित्र काढून तयार होतं, भोकं पाडलेली, आकडे घातलेले. उतरलेली बॅटरीही चार्ज करून बसवलेली. थंडी कडाक्याची होती. अंगणात ताई, सुजाता आणि मी. शिवाय गॅसचं सिलेंडर घेऊन आलेला एक तरुण माणूस, तो आत आला आणि साडूंनी त्याच्या पाठीमागे फाटकाला कुलूप घातलं. साडूंनी हॉर्न सोडवला, मग झाकणाचे बोल्ट एकेक काढून पुठ्ठ्यात खोचले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. झाकण काढून पायरीवर उन्हात ठेवलं. पुठ्ठा हातात घेतला. आणि त्यांचा चेहरा उतरला.

सात नंबरचं भोक रिकामं होतं.

'बोल्ट एक कमी,' ते म्हणाले.

मग शोध सुरू झाला. चाकाखाली, मोरीत, कुंड्यांच्या मातीत. सिलेंडरवाल्यानं आपणहून खिसे उलटे करून दाखवले; वर म्हणाला, 'काका, माझ्या गाडीवर अजून वीस टाक्या हायेत, लोकं शिव्या घालतील.' साडू त्याला म्हणाले, बसा, चहा घ्या, सापडला की सोडतो. सुजाता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती शोधत नव्हती. तिला हवं होतं तेच होत होतं आणि ते तिला बघवत नव्हतं.

मी वाकून पायरीपाशी गेलो आणि झाकणाला किती भोकं आहेत ती मोजली. सहा. पुन्हा मोजली. सहाच. सातवा बोल्ट हरवलेला नव्हता, तो कधी नव्हताच. गेल्या दहा वर्षांत ते झाकण त्यांनी किती वेळा उघडलं असेल, आणि आज चित्र काढताना एक भोक जास्त पाडलं. झाकण तिथेच उन्हात पडलं होतं, कुणीही मोजावं. पण साडू त्याच्याकडे बघत नव्हते. नोंद सात म्हणत होती, म्हणजे बोल्ट सात. नोंद कधी चुकत नाही हे त्यांना छत्तीस वर्षं शिकवलं होतं.

शेजारी सावली पडली म्हणून वर पाहिलं तर ताई. हळूच म्हणाल्या, 'सहाच आहेत ना?' मी मान हलवली. त्या आत गेल्या आणि दोन मिनिटांनी पदराआड काहीतरी घेऊन आल्या. साडूंच्या सुट्या बोल्टांच्या बरणीतला एक, तेवढ्याच जाडीचा. त्यांचा बेत माझ्या लक्षात आला. मी कुजबुजलो, 'ताई, मोजदाद जुळली तर चावी त्यांच्याकडे राहील.'

'चावी सुजाता उद्या लपवेल,' ताई म्हणाल्या. 'पण ते माझ्या अंगणात असे हरायला नकोत.'

साक्षीदार म्हणून मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी नाही बोललो. सदतीस वर्षांच्या संसारापुढे मी कोण पाटबंधारे खात्याचा कारकून. ताई कुंडीपाशी वाकल्या आणि सापडला म्हणाल्या. साडू आले, बोल्ट घेतला, धोतराच्या फडक्यानं पुसला, बोटांत फिरवला. जरा जास्तच वेळ फिरवला. मग सातव्या भोकात खोचला आणि खाली खूण केली. कुलूप उघडलं. सिलेंडरवाला अर्धा चहा टाकून पळाला. सुजाता आत जाऊन बसली.

त्यानंतरचा तासभर मी जे बघितलं ते मला आयुष्यभर पुरेल. त्यांनी अल्टरनेटर सैल केला, तुटक्या पट्ट्याचे चुरे ब्रशनं झाडून काढले, नवा पट्टा खालच्या कप्पीवर बसवला, आणि मला मागचं चाक हातानं फिरवायला सांगितलं. मी फिरवलं की इंजिन आतून हळूच वळायचं आणि पट्टा एकेक खाच पकडत वर चढायचा. 'हळू. अजून. बास.' शब्द अडत नव्हते, हात थरथरत नव्हते. ठरल्या जोराला कट्ट वाजणारा पाना त्यांनी लावला, तो वाजला, आणि त्यांनी अंगठ्यानं पट्टा दाबून बघितला. ते काम इतकं सुंदर होतं की सुजाता कधी बाहेर येऊन माझ्यामागे उभी राहिली ते मला कळलं नाही.

मग झाकण. एक ते सहा बोल्ट आपापल्या जागी गेले. साडूंनी पुठ्ठ्यातून सातवा काढला आणि झाकणाकडे वळले. जागा नव्हती. त्यांनी झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं, पूर्ण गोल. पुन्हा एकदा फिरवलं. मग पुठ्ठा बघितला. ताई घाईनं म्हणाल्या, असू दे हो, जादा आला असेल. साडू पाटावर बसले. बराच वेळ तो बोल्ट तळहातावर धरून बसले.

'हा पाण्याच्या पंपाचा आहे,' ते म्हणाले. 'बरणीतला. हातात घेतला तेव्हाच कळलं होतं मला.'

मग त्यांनी ताईंकडे बघितलं, अगदी साधं, तक्रार नसलेलं. 'पण तू सापडला म्हणालीस. म्हटलं, माझंच चुकत असेल. हल्ली माझंच चुकतं ना.'

त्यांची नोंद चुकली होती, पण बोटं बरोबर होती. त्या सकाळी त्या अंगणात खरं सांगणारी तेवढी एकच गोष्ट होती, त्यांची बोटं. आणि आम्ही प्रेमापोटी त्यांना त्या बोटांवर अविश्वास ठेवायला लावला. हे मला अजून खुपतं. त्यांना झाकण दाखवून सरळ सांगायला हवं होतं, की साडूभाऊ, मोजा, सहाच आहेत. ते हरलेच असते, पण स्वतःच्या हातांवर विश्वास ठेवून हरले असते.

त्यांनी खिशातून चावी काढली. सुजाता रडत होती, ती घेईना. मग त्यांनी ती माझ्या हातात ठेवली. 'जुळली नाही, पाहुणे,' म्हणाले. 'तुम्ही साक्षीला होतात.' मी म्हणालो, पट्टा एकदा चालवून तरी बघू. त्यावर ते जरा खुलले. पण चावी परत घेतली नाही. तुम्हीच फिरवा म्हणाले. इतक्या वर्षांत मला हात पुसल्याशिवाय त्या गाडीला शिवायचीही मुभा नव्हती. मी चावी फिरवली, बटण दाबलं, इंजिन एकदा खोकून चालू झालं, आणि बॅटरीचा लाल दिवा लगेच विझला. पट्टा फिरत होता. साडूंनी कान लावून ऐकलं आणि समाधानानं मान डोलावली. मग आतून एक चिठ्ठी आणून सीट उचलून तिच्या खालच्या बाजूला चिकटवली. गाडी किती किलोमीटरला आहे तो आकडा, आणि त्यात साठ हजार मिळवून पट्टा पुन्हा कधी बदलायचा तो आकडा. बेरीज बरोबर होती. मी तपासली.

गाडी विकली नाही. सुजातानंच नको म्हटलं. चावी माझ्या कपाटात असते, आणि आश्चर्य म्हणजे अजून हरवलेली नाही. रविवारी मी ती घेऊन जेलरोडला जातो आणि वीस मिनिटं इंजिन चालू ठेवतो. साडू शेजारी पाटावर बसतात. कधी ओळखतात, कधी नाही; परवा मला त्यांनी मेकॅनिक समजून गाडी नीट ठेवल्याबद्दल आभार मानले. मी 'तुमच्याच हातचं काम आहे,' म्हणालो तर लाजले. निघताना मी सीट उचलून ती चिठ्ठी एकदा वाचतो. अक्षर वळणदार, छापल्यासारखं. गाडीवरचा किलोमीटरचा आकडा मात्र त्या रविवारी होता तिथेच आहे, आणि तो पट्टा आता बदलायची वेळ कधीच येणार नाही.